संगणकाचा गाभा बदलताना

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकावर सकाळी एक सूचना दिसते : कार्यकारी प्रणालीचा नवा गाभा उपलब्ध आहे, तो बसवावयाचा काय? या प्रश्नाला बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी पुढचामागचा विचार न करता होकार देतो आणि काम पुरे होण्याआधीच यंत्र बंद करून निघून जातो. दुसरा कोणी, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालावयाची, असे म्हणून तीच सूचना वर्षानुवर्षे दूर सारीत राहतो. या दोन्ही उत्तरांत धोका आहे. त्या संगणकात सभासदांची नोंदवही असते, पुस्तकांची सूची असते. शाळेचा संगणक असेल तर मुलांचे गुण आणि हजेरी असते. यंत्र बिघडले तर दुसरे घेता येते, परंतु गेलेली नोंद परत मिळविणे फार कठीण असते. म्हणून गाभा म्हणजे काय, तो का बदलावा लागतो आणि निर्धास्तपणे कसा बदलावा, हे या पाठात क्रमाने पाहू. उदाहरणासाठी आपण लिनक्स हा गाभा घेणार आहोत. तो सर्वांस विनामूल्य मिळतो, त्याची घडण उघडपणे वाचता येते आणि आपल्या देशातील अनेक शाळांत तो वापरात आहे.

गाभ्याचे काम

कर्नल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कठीण कवचाच्या आत असणारा गर असा आहे. संगणकाच्या कार्यकारी प्रणालीतील सर्वांत आतल्या आज्ञावलीला हेच नाव दिलेले आहे. आपण तिला गाभा म्हणू.

गाभ्याचे काम समजण्यासाठी बंद कपाटांच्या ग्रंथालयाची कल्पना करावी. अशा ग्रंथालयात वाचकाला कपाटापर्यंत जाता येत नाही. तो ठरावीक नमुन्याची चिठ्ठी भरून खिडकीपाशी देतो आणि आतील सेवक त्याला पुस्तक आणून देतो. कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे, हे वाचकाला ठाऊक असण्याची गरज नसते. संगणकातही असेच घडते. विद्यार्थी निबंध लिहून ‘जतन करा’ अशी आज्ञा देतो, तेव्हा लेखनाची आज्ञावली स्वतः डिस्कला हात लावीत नाही. ती गाभ्याकडे मागणी करते. डिस्कवर मोकळी जागा कोठे आहे हे गाभा पाहतो, त्या विशिष्ट डिस्कला समजेल अशा रीतीने मजकूर पाठवितो आणि काम झाल्याचे कळवितो. प्रोसेसरचा वेळ अनेक आज्ञावलींत वाटून देणे, एकीच्या स्मृतीत दुसरीला शिरू न देणे, कळफलक, पडदा, मुद्रणयंत्र व जाळे यांच्याशी बोलणे, ही सारी कामे गाभ्याचीच होत.

निरनिराळ्या उपकरणांशी बोलण्यासाठी गाभ्यात निरनिराळे भाग असतात. त्यांना चालक किंवा ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सच्या मूळ मजकुराच्या तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ओळी या चालकांच्याच आहेत. हे सर्व चालक एकाच वेळी स्मृतीत ठेवणे व्यर्थ होय. म्हणून पुष्कळसे चालक मॉड्यूल या नावाने वेगळ्या फाइलींत ठेवतात आणि उपकरण आढळले म्हणजे हवा तेवढाच भाग गाभ्याला जोडतात.

लिनक्सची वाटचाल

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टॉरवॉल्ड्स, याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यकारी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच्यापाशी ३८६ या प्रोसेसरचा वैयक्तिक संगणक होता व त्याच यंत्रासाठी हे लेखन चालले होते. सप्टेंबर १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत सुमारे १०,००० ओळी होत्या. १९९२ मध्ये हा गाभा जीपीएल या परवान्याखाली आला. कोणीही तो वापरावा, वाचावा, सुधारावा आणि सुधारलेला दुसऱ्यास द्यावा. मात्र देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्यावे, असा त्या परवान्याचा आशय आहे. १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये निघाली.

गाभा एकटा उपयोगी पडत नाही. त्याच्या जोडीला असंख्य इतर आज्ञावली लागतात. त्या सर्वांचा संच करून देणाऱ्या वितरणांपैकी डेबियन, उबुंटू व फेडोरा ही प्रसिद्ध आहेत. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये प्रसिद्ध केले. केरळ राज्यातील शाळांसाठी उबुंटूवर आधारलेला संच तयार करण्यात आला आहे. सामान्य वापरणाऱ्याला नवा गाभा मिळतो तो बहुधा अशा वितरणाच्या हातूनच.

आवृत्तींचे क्रमांक

लिनक्सची नवी मुख्य आवृत्ती सुमारे ९ ते १० आठवड्यांनी निघते. आरंभीचे दोन आठवडे नव्या सुधारणा स्वीकारण्याचे असतात. त्यानंतर नवे काही न घेता केवळ दोष दुरुस्त करतात आणि दर आठवड्यास एक उमेदवार आवृत्ती परीक्षेसाठी काढतात. अशा सात-आठ आवृत्ती झाल्या म्हणजे अंतिम आवृत्ती प्रसिद्ध होते.

६.१.६६ असा क्रमांक घेतला, तर ६.१ हा मुख्य आवृत्तीचा क्रमांक होय आणि ६६ हा तिच्यावर झालेल्या दुरुस्त्यांचा अनुक्रम होय. पहिला अंक बदलला म्हणजे मोठी क्रांती झाली, असे मात्र समजू नये. दुसरा अंक वाढत जाऊन गैरसोयीचा झाला की पहिला वाढवितात, एवढाच त्याचा अर्थ. ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.० आणि ५.१९ नंतर ६.० असा हा क्रम चालत आलेला आहे.

काही निवडक आवृत्तींची देखभाल निदान दोन वर्षे होते. त्यांना दीर्घकालीन आवृत्ती म्हणतात. जून २०२३ मधील डेबियन १२ ने ६.१ ही, तर ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने ६.१२ ही दीर्घकालीन आवृत्ती घेतली. शाळा व ग्रंथालये यांनी अशाच आवृत्तीच्या आधाराने राहणे श्रेयस्कर.

गाभा का बदलावा?

पहिले कारण सुरक्षिततेचे. ‘डर्टी काऊ’ या नावाने ओळखला गेलेला एक दोष २००७ पासून लिनक्समध्ये होता. त्याचा फायदा घेऊन साध्या वापरणाऱ्याला संगणकाच्या व्यवस्थापकाचे सर्व अधिकार बळकाविता येत असत. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. ज्या संगणकापुढे दिवसाकाठी अनेक अनोळखी माणसे बसतात, तेथे असा दोष राहू देणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारातच लावून ठेवण्यासारखे होय. जानेवारी २०१८ मध्ये याहून निराळा प्रकार उघडकीस आला. ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोष गाभ्यातले नसून प्रोसेसरच्या रचनेतलेच होते. लक्षावधी प्रोसेसर बदलणे अशक्य होते. परंतु गाभ्याने आपल्या स्मृतीचे नकाशे इतर आज्ञावलींच्या नकाशांपासून वेगळे ठेवून मेल्टडाउनला अटकाव केला. यंत्रातील उणीव गाभ्याच्या फेरबदलाने भरून काढता येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरे कारण नव्या उपकरणांचे. चालक गाभ्यात असतात, त्यामुळे गाभ्याच्या जन्मानंतर बाजारात आलेले उपकरण त्याला ओळखता येईलच असे नाही. यूएसबी ३.० या जलद जोडणीचा पाठिंबा लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत २००९ मध्ये आला. त्याआधीच्या गाभ्याला त्या जोडणीचा पूर्ण वेग मिळणे शक्य नव्हते.

तिसरे कारण सुधारणांचे. फाइली जपण्याच्या पद्धती, विजेची काटकसर, स्मृतीचा वापर यांत सतत भर पडत असते.

तथापि नवा गाभा प्रत्येक जुन्या यंत्राला मानवतोच असे नाही. ज्या ३८६ प्रोसेसरसाठी लिनक्स जन्मास आले, त्याचाच पाठिंबा फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या जुन्या वैयक्तिक संगणकांसाठी गाभा व स्थापनेचा संच देणे बंद झाले आहे. म्हणून आपले यंत्र ३२ बिटांचे की ६४ बिटांचे, हे आधी पाहून घ्यावे.

नवे म्हणजे निर्दोष नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मार्च २०२१ मध्ये ५.१२ च्या पहिल्या उमेदवार आवृत्तीत एक भयंकर दोष निघाला. स्मृती अपुरी पडली म्हणजे गाभा तिच्यातील काही मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतो. त्यासाठी स्वॅप फाइल वापरली असेल, तर ही आवृत्ती तो मजकूर डिस्कवर भलत्याच जागी लिही आणि त्या जागी असलेल्या फाइली नष्ट होत. ही आवृत्ती कोणी वापरू नये, असा इशारा खुद्द टॉरवॉल्ड्स यांना द्यावा लागला. उमेदवार आवृत्ती परीक्षकांसाठी असते, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु उमेदवारी संपलेल्या गाभ्यातही दोष शिरू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या दीर्घकालीन मालिकेतील आवृत्तीत एक्स्ट-४ पद्धतीच्या डिस्कवरील मजकूर बिघडविणारा दोष आढळला. नव्या आवृत्तीतील एक दुरुस्ती जुन्या मालिकेत आणताना ती जिच्यावर अवलंबून होती ती जोडीची दुरुस्ती आणावयाची राहून गेली होती. डेबियनने आपली १२.३ ही ठरलेली आवृत्ती थांबविली आणि १० डिसेंबर २०२३ रोजी दुरुस्त गाभ्यासह १२.४ काढली.

तर मग जुना गाभा धोक्याचा आणि नवाही शंभर टक्के भरवशाचा नाही. अशा स्थितीत काय करावे? याचे उत्तर गाभा बसविण्याच्या रीतीतच दडलेले आहे.

डिस्कवर काय घडते?

नवा गाभा जुन्याला पुसून त्याच्या जागी बसत नाही. तो त्याच्या शेजारी येऊन बसतो. ‘बूट’ या नावाच्या कप्प्यात गाभ्याची स्वतःची फाइल येते व तिच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाच्या वेगळ्या कप्प्यात त्याचे मॉड्यूल ठेवले जातात. तिसरी वस्तू म्हणजे आरंभीचा छोटा संच. यंत्र सुरू होताना मुख्य डिस्क उघडण्यासाठी जे चालक लागतात ते त्याच डिस्कवर असले तर ते मिळावेत कसे, असा पेच उत्पन्न होतो. तो सोडविण्यासाठी अत्यावश्यक चालकांची शिदोरी गाभ्याबरोबरच स्मृतीत चढवितात. तिला इनिट-रॅम-एफएस असे म्हणतात.

शेवटी ‘ग्रब’ या आरंभक आज्ञावलीच्या यादीत नव्या गाभ्याचे नाव नोंदले जाते. जुन्याचे नाव तेथे कायमच असते. यंत्र सुरू करताना कोणत्याही गाभ्याची निवड करता येते. दोघांचे मॉड्यूल वेगळ्या कप्प्यांत असल्यामुळे एकाचा दुसऱ्याला उपसर्ग पोचत नाही.

आपले निबंध, सूची, चित्रे यांना या बदलात हात लागत नाही. नेहमीच्या आज्ञावलीही बदलाव्या लागत नाहीत. लिनक्सच्या कर्त्यांचा असा कडक नियम आहे की, गाभ्याच्या आत कितीही फेरफार झाले तरी इतर आज्ञावलींनी त्याच्याकडे मागणी करण्याची रीत मोडता कामा नये. ग्रंथालयातील सेवक बदलले तरी चिठ्ठीचा नमुना तोच राहतो.

बदलापूर्वीची तयारी

१. महत्त्वाच्या सर्व फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी आणि मग ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. वर सांगितलेल्या २०२३ च्या दोषासारख्या प्रसंगी जुना गाभा शेजारी असून भागत नाही. कारण बिघडलेला मजकूर तो दुरुस्त करू शकत नाही. तेथे ही दुसरी प्रतच कामास येते.

२. सध्याच्या गाभ्याचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. ‘यूनेम’ ही आज्ञा ‘आर’ या पर्यायासह दिली असता तो पडद्यावर उमटतो.

३. बूट कप्प्यासाठी डिस्कचा वेगळा लहान भाग राखला असेल, तर तेथे पुरेशी जागा आहे किंवा नाही हे पाहावे. जागा भरली तर आरंभीचा संच अर्धवट लिहिला जाण्याचा संभव असतो.

४. गाभ्याबाहेरचे चालक कोणते आहेत ते पाहावे. काही चित्रपट्ट्या व बिनतारी जाळ्याची उपकरणे यांचे चालक त्यांच्या उत्पादकांकडून वेगळे मिळतात. असे चालक प्रत्येक नव्या गाभ्यासाठी नव्याने बांधावे लागतात. हे काम ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था आपोआप करते. मात्र त्यासाठी त्या गाभ्याच्या शीर्षफाइली बसविलेल्या असल्या पाहिजेत. यंत्रात सुरक्षित आरंभाची, म्हणजे सिक्युअर बूटची, व्यवस्था चालू असेल तर अशा चालकांवर मान्य स्वाक्षरीही लागते.

५. वीज मध्येच जाण्याचा संभव असेल तर यंत्र यूपीएसला जोडावे. फाइली लिहिल्या जात असताना यंत्र बंद पडणे सर्वांत घातक होय.

प्रत्यक्ष कृती

डेबियन व उबुंटू यांत ‘अ‍ॅप्ट’ आणि फेडोरात ‘डीएनएफ’ या आज्ञावली वितरणाच्या भांडारातून नवे भाग आणतात. प्रथम भांडाराची यादी ताजी करावी आणि मग सर्व भाग अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी. पडद्यावर उमटणाऱ्या ओळी दुर्लक्षू नयेत. आरंभीचा संच तयार होत असल्याची व ग्रबची यादी नवी होत असल्याची ओळ दिसली पाहिजे. दोषाचा संदेश आला तर तो उतरून घ्यावा आणि त्याचे कारण दूर होईपर्यंत यंत्र बंद करू नये.

एवढे झाले तरी चालू असलेला गाभा जुनाच असतो. कारण तो स्मृतीत आधीच चढलेला आहे. यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच नव्याचा अंमल सुरू होतो. नंतर पुन्हा ‘यूनेम’ची आज्ञा देऊन क्रमांक पडताळावा. मग एकेका उपकरणाची परीक्षा घ्यावी : जाळे जोडले जाते काय, आवाज येतो काय, मुद्रण होते काय, पडद्याचे चित्र स्वच्छ आहे काय, यंत्र निद्रावस्थेतून जागे होते काय. गाभा आपल्या कामाची दैनंदिनीही ठेवीत असतो. ‘जर्नल-सीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. तिच्यातील दोषांच्या नोंदी आधीच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात.

यंत्र सुरू न झाल्यास

पडदा काळाच राहिला किंवा मुख्य डिस्क उघडता येत नसल्याचा संदेश येऊन सर्व थबकले, तर घाबरू नये. यंत्र पुन्हा सुरू करून ग्रबची यादी पडद्यावर आणावी. उबुंटूत ती आपोआप दिसत नसेल तर आरंभीच शिफ्ट कळ दाबून ठेवावी किंवा नव्या पद्धतीच्या यंत्रांत एस्केप कळ दाबावी. प्रगत पर्यायांच्या यादीत जुन्या गाभ्याचे नाव असते. ते निवडले की संगणक बहुधा कालच्यासारखा चालू लागतो. मग शांतपणे कारण शोधावे. काळा पडदा हा पुष्कळदा चित्रपट्टीचा बाहेरचा चालक नव्या गाभ्यासाठी बांधला न गेल्याचा परिणाम असतो. डिस्क न उघडणे हा बहुधा आरंभीचा संच अपुरा राहिल्याचा परिणाम असतो. जुन्या गाभ्यातून तो संच पुन्हा तयार करता येतो.

म्हणूनच जागा वाचविण्याच्या घाईत जुना गाभा काढून टाकू नये. फेडोरा सामान्यतः तीन गाभे ठेवते. डेबियन व उबुंटू यांची साफसफाईची आज्ञाही चालू गाभा व सर्वांत नवा गाभा राखून ठेवते. नवा गाभा काही दिवस सर्व कामांत कसोटीस उतरला म्हणजे त्याहून आधीचे काढावेत; त्या वेळीही कसोटीस उतरलेला एक जुना गाभा हाताशी असू द्यावा.

स्वतः गाभा घडविणे

ज्यांना अधिक शिकण्याची इच्छा आहे त्यांना मूळ मजकूर आणून स्वतः गाभा घडविता येतो. कर्नल डॉट ऑर्ग या स्थळावर तो मिळतो व त्यासोबतची स्वाक्षरी पडताळता येते. चालू गाभ्याची रचनाफाइल आधार म्हणून घ्यावी, नव्या प्रश्नांना नेहमीची उत्तरे द्यावी आणि ‘मेक’ या आज्ञेने बांधणी करावी. यंत्राच्या वेगाप्रमाणे यास काही मिनिटांपासून काही तास लागतात व डिस्कवर कित्येक गिगाबाइट मोकळी जागा लागते. अशा गाभ्याच्या पुढील दुरुस्त्यांची जबाबदारी मात्र वितरणाकडे नसून आपल्याकडे येते. म्हणून हा प्रयोग अभ्यासाच्या यंत्रावर करावा, नोंदवहीच्या यंत्रावर करू नये.

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे. कोणताही गाभा निर्दोष असल्याची हमी देता येत नाही. ती मिळेपर्यंत थांबावयाचे ठरविले तर जुने, सर्वांस ठाऊक झालेले दोष घेऊन बसावे लागते. बदलातील निर्धास्तपणा नव्याच्या परिपूर्णतेतून येत नसून परतीची वाट मोकळी ठेवण्यातून येतो. फाइलींची दुसरी प्रत आणि कसोटीस उतरलेला जुना गाभा या त्या वाटेच्या दोन खुणा होत. त्या जाग्यावर आहेत याची खात्री करून घ्यावी, आणि मग नव्या गाभ्यास खुशाल होकार द्यावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लेखनाची आज्ञावली डिस्कवर स्वतः का लिहीत नाही? सर्व आज्ञावलींना तशी मुभा दिली तर काय होईल?

२. आरंभीच्या छोट्या संचाची गरज कोणत्या पेचातून उत्पन्न झाली?

३. जुना गाभा शिल्लक असूनही फाइलींची दुसरी प्रत का लागते?

४. आपल्या शाळेतील एका संगणकाचा गाभा-क्रमांक शोधा. तो पुन्हा केव्हा व कसा बदलावा, याची योजना शिक्षकांच्या मदतीने लिहून काढा.